इथं आंघोळ कोण करायचं?

"एवढं गरम पाणी, आणि आंघोळीला कुणीच नाही?"

आईने हे विचारलं तेव्हा आम्ही यलोस्टोनमधल्या मिडवे गीझर बेसिनच्या लाकडी पुलावर उभ्या होतो. २०२३चा जून महिना होता. समोर ग्रँड प्रिझमॅटिक स्प्रिंग होतं. जवळजवळ ११२ मीटर व्यासाचं हे कुंड फुटबॉलच्या मैदानापेक्षाही लांब आहे. मधे गडद निळं, कडेला हिरवं, मग पिवळं, मग केशरी. वारा आला की वाफेचा लोट अंगावर यायचा, चष्मा धुरकट व्हायचा आणि गंधकाचा वास नाकात भरायचा. आजूबाजूची शंभरेक माणसं मोबाईल उंच धरून उभी होती. मीही त्यातलीच.

"आई, इथं पाण्यात उतरायला बंदी आहे. लोक भाजून मेलेत."

"ते कळलं गं. पाटी वाचली मी. आत्ताचं नाही म्हणत. आधी? आधी कोण करायचं?"

मी तेव्हा नोकरीसाठी सॉल्ट लेक सिटीत राहत होते. तिथून यलोस्टोन गाडीने पाच-सहा तासांवर. त्याआधी दोनदा येऊन गेले होते. इन्स्टावर फोटो टाकले होते, "अनटच्ड नेचर" असं खाली लिहिलंही होतं. पण आईचा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता.

तिला तो पडला, कारण ती संगमेश्वर तालुक्यातली. तुरळ, राजवाडी, आरवली ही गरम पाण्याच्या झऱ्यांची गावं तिच्या माहेरच्या पायवाटेवरची. कोकणात अशा झऱ्याला उन्हाळं म्हणतात. राजापूरजवळ तर उन्हाळे नावाचं गावच आहे. उन्हाळं म्हटलं की सोबत कुंड आलं, देऊळ आलं, सांधे दुखणाऱ्या म्हाताऱ्या आल्या, खरूज झालेली पोरं आली. ठाणे-पालघरकडच्यांना वज्रेश्वरी-गणेशपुरी माहीत असेल. वसईच्या मोहिमेत चिमाजी अप्पांनी वज्रेश्वरीला नवस केला आणि १७३९ मध्ये किल्ला घेतल्यावर देवीचं मंदिर बांधून तो फेडला, ही गोष्ट तिथं आजही सांगतात. थोडक्यात, आपल्याकडे गरम पाण्याच्या झऱ्याशी माणूस नाही असं होतच नाही. म्हणून आईच्या डोक्यात हिशेब सरळ होता. इथं दहा हजारांहून जास्त झरे, कुंडं, चिखलाचे बुडबुडे आणि गीझर आहेत. मग माणसं कुठं गेली?

पाणी का तापतं, एवढं मी तिला सांगू शकत होते. यलोस्टोनच्या खाली जिवंत ज्वालामुखी आहे. सुमारे ६ लाख ३१ हजार वर्षांपूर्वी त्याचा प्रचंड उद्रेक झाला आणि वरची जमीन खचली. त्या खचलेल्या कढईची लांबी साधारण ७२ किलोमीटर आणि रुंदी ४८ किलोमीटर आहे. पाऊस आणि बर्फाचं पाणी खोल मुरतं, तापलेल्या खडकाजवळ पोहोचतं आणि वर येतं. वाट मोकळी असेल तर झरा होतो. वाट मधेच चिंचोळी असेल तर पाणी अडकतं. वरच्या पाण्याच्या दाबामुळे ते उत्कलनबिंदूच्या पुढे जाऊनही उकळत नाही, आणि दाब जरासा कमी झाला की एकदम वाफ होऊन उसळतं. तो गीझर. जगात चालू असलेल्या गीझरांपैकी जवळजवळ निम्मे या एका उद्यानात आहेत. आपल्या कोकणातल्या उन्हाळ्यांखाली असा ज्वालामुखी नाही. तिथं पाणी भेगांमधून खूप खोल जातं, पृथ्वीच्या नेहमीच्या उष्णतेने तापतं आणि भेगांमधूनच परत येतं.

दुपारी ओल्ड फेथफुलचा फवारा पाहिला. तीस ते पंचावन्न मीटर उंच उडतो, साधारण दर दीड तासाने. पुढच्या फवाऱ्याची वेळ पाटीवर लिहिलेली असते. आई म्हणाली, "राजापूरची गंगा येते तीन वर्षांनी, तीही मनात आलं तर. ही बरी आहे, एस्टीसारखी. नाही, एस्टीपेक्षा बरी."

पण तिचा सकाळचा प्रश्न तसाच राहिला होता. त्या रात्री हॉटेलात मी वाचायला बसले. नंतर कित्येक महिने वाचत राहिले.

*

यलोस्टोनची नेहमी सांगितली जाणारी गोष्ट अशी. फर विकणारे शिकारी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला उकळत्या जमिनीच्या कहाण्या सांगत होते, पण त्या थापा वाटायच्या. १८७० मध्ये वॉशबर्न, लँगफोर्ड आणि डोन यांची मोहीम तिथं गेली. ओल्ड फेथफुल हे नाव त्यांनीच दिलं. १८७१ मध्ये भूगर्भशास्त्रज्ञ फर्डिनंड हेडन सरकारी खर्चाने सर्वेक्षणाला गेले. सोबत चित्रकार थॉमस मोरान आणि छायाचित्रकार विल्यम हेन्री जॅक्सन होते. त्यांची चित्रं आणि फोटो वॉशिंग्टनला पोहोचले, खासदार थक्क झाले, आणि १ मार्च १८७२ रोजी राष्ट्राध्यक्ष युलिसिस ग्रँट यांनी कायद्यावर सही केली. जगातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान झालं. नॉर्दर्न पॅसिफिक रेल्वेला इथं पर्यटक आणायचे होते, म्हणून तिच्या माणसांनीही जोर लावला होता, हा भाग गोष्टीत हळू आवाजात येतो.

कायदा छोटा आहे. मी तो मोबाईलवर पाच मिनिटांत वाचला. त्यात म्हटलंय की ही जमीन लोकांच्या लाभासाठी आणि आनंदासाठी राखून ठेवली आहे. हेच शब्द उद्यानाच्या उत्तरेकडच्या दगडी कमानीवर कोरलेत. त्या कमानीची कोनशिला १९०३ मध्ये थिओडोर रूझवेल्ट यांनी बसवली. पण त्याच कायद्यात आणखी एक वाक्य आहे: इथं जो कुणी वस्ती करेल किंवा जागा व्यापेल, तो घुसखोर समजला जाईल आणि त्याला हटवलं जाईल. ते वाक्य कमानीवर नाही.

मग १८७२ मध्ये तिथं होतं कोण?

पुरातत्त्वज्ञांनी नोंदवलेल्या खुणा अकरा हजार वर्षांहून जुन्या आहेत. उद्यानात ऑब्सिडियन क्लिफ नावाचा कडा आहे. ऑब्सिडियन म्हणजे ज्वालामुखीतून तयार झालेली काळी काच. तिच्या पात्याला विलक्षण धार येते. या कड्यावरची काच दोन हजार किलोमीटरहून दूर, ओहायोतल्या प्राचीन दफन-टेकड्यांमध्ये सापडली आहे. म्हणजे ज्याला मी "अनटच्ड" म्हणत होते, तो भाग हजारो वर्षं व्यापाराच्या जाळ्यात होता.

आणि तुकुदिका होते. शोशोनी लोकांची ही डोंगरातली शाखा. नावाचा अर्थ रानमेंढ्या खाणारे. ते घोडे बाळगत नसत, सामान कुत्र्यांकरवी ओढून नेत, आणि उंच डोंगरात रानमेंढ्यांची शिकार करत. मेंढ्याचं वळलेलं शिंग उष्णतेने मऊ करून, सरळ करून ते धनुष्य बनवत. त्यासाठी गरम झऱ्यांचं पाणी कामी येई. ही धनुष्यं इतकी ताकदवान असत की दूरच्या जमाती त्यांच्यासाठी मोठी किंमत मोजत. शोशोनींशिवाय क्रो, बॅनॉक, ब्लॅकफीट, नेझ पर्स अशा कितीतरी जमाती ऋतूप्रमाणे इथं येत-जात. उद्यानाचं प्रशासन आज अशा २७ जमातींचं यलोस्टोनशी नातं मान्य करतं. गरम पाण्याचा वापर औषधासाठी आणि धार्मिक विधींसाठी होत असे, हेही आता उद्यानाच्याच माहितीत लिहिलेलं असतं.

आईच्या प्रश्नाचं उत्तर इथं मिळालं होतं. मी तिला भारतात फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "मग? मी म्हटलंच होतं. पण मग गेले कुठं?"

*

तुकुदिकांना १८७० च्या दशकात हळूहळू विंड रिव्हर आणि फोर्ट हॉल इथल्या राखीव वस्त्यांमध्ये हलवलं गेलं. पण बाहेर काढण्यासोबत एक गोष्टही पसरवली गेली: इंडियन लोक गीझरना भितात, भुताखेतांची जागा समजतात, म्हणून ते इथं कधी राहिलेच नाहीत. उद्यानाचे दुसरे अधीक्षक फिलेटस नॉरिस यांच्या काळात, म्हणजे १८७७ ते १८८२ मध्ये, ही गोष्ट चांगलीच रुजली. गंमत बघा. हेच नॉरिस आसपासच्या जमातींनी उद्यानात येऊ नये म्हणून खटपट करत होते. १८७९ मध्ये त्यांनी मॅमथ इथं टेकडीवर आपलं मुख्यालय बांधलं तेही गढीसारखं, हल्ला झाला तर बचाव करता यावा म्हणून. जे लोक भीतीने येतच नाहीत, त्यांना अडवायला गढी कशाला लागते?

गढीचं कारण दोन वर्षांपूर्वी घडून गेलं होतं. आम्ही पाहिलेल्या ग्रँड प्रिझमॅटिकपासून गाडीने काही मिनिटांवर एक ओढा लागतो, नेझ पर्स क्रीक. पहिल्या दोन फेऱ्यांत मी त्यावरून सरळ निघून गेले होते.

नेझ पर्स स्वतःला निमीपू म्हणतात. त्यांचा प्रदेश आजच्या ओरेगन, आयडाहो आणि वॉशिंग्टन राज्यांत पसरलेला होता. तिथं सोनं सापडलं आणि १८६३ च्या तहाने त्यांची राखीव जमीन सुमारे ९० टक्क्यांनी कमी केली. अनेक नायकांनी त्यावर सही केलीच नव्हती. १८७७ मध्ये लष्कराने त्यांना सांगितलं, तीस दिवसांत वस्तीवर या. संघर्ष पेटला आणि बायका, मुलं, म्हातारे, हजारो घोडे असा सातशे-आठशे माणसांचा लोंढा पूर्वेकडे निघाला. मागे जनरल हॉवर्डची फौज. ९ ऑगस्टला बिग होल इथं सैन्याने पहाटे झोपलेल्या तळावर हल्ला केला आणि त्यात पुष्कळ बायका-मुलं मारली गेली. दोन आठवड्यांनी हे लोक यलोस्टोनमध्ये शिरले.

उद्यान तेव्हा पाच वर्षांचं होतं आणि तिथं पर्यटक होते! माँटानाहून आलेली एक मंडळी तंबू ठोकून गीझर बघून झाली होती, परत निघायच्या तयारीत होती. निमीपूंनी त्यांना पकडलं. तळ कुठं आहे ते हे लोक सैन्याला सांगतील ही धास्ती होती. एका पर्यटकाला बायकोच्या डोळ्यांदेखत डोक्यात गोळी लागली, तरी तो वाचला. त्याच्या बायकोला आणि मेहुणीला पुढे सोडून दिलं. त्या दिवसांत उद्यानात दोन पर्यटक मारलेही गेले. हे काहीच लपवण्यासारखं नाही. पण एकाच रानात एक कुटुंब सुट्टीवर होतं आणि दुसरी माणसं जीव वाचवायला पळत होती, हे चित्र माझ्या डोक्यातून जात नाही.

पुढे ५ ऑक्टोबर १८७७ रोजी, सुमारे १,८०० किलोमीटर चालून, कॅनडाची सीमा जेमतेम ६५ किलोमीटर उरली असताना त्यांनी शस्त्रं खाली ठेवली. त्यांना घरी पाठवायचं वचन मोडलं गेलं. आजच्या ओक्लाहोमात नेलं, तिथं साथीने अनेक मेले. चीफ जोसेफ १९०४ मध्ये वारले. आपल्या वलोवा खोऱ्यात राहायला त्यांना अखेरपर्यंत परत जाऊ दिलं नाही.

आणखी एक नाव. १८७० च्या मोहिमेतले ते डोन म्हणजे लेफ्टनंट गुस्ताव्हस डोन. ऑगस्टमध्ये त्यांनी यलोस्टोन पाहिलं आणि त्याचं सुंदर वर्णन लिहिलं. त्याच वर्षी २३ जानेवारीला, सात महिने आधी, माँटानातल्या मरायस नदीकाठी सैन्याने ब्लॅकफीटांच्या पिगन शाखेच्या एका शांत तळावर हल्ला केला होता. देवीच्या आजाराने ग्रासलेली माणसं, बायका, मुलं, म्हातारे धरून किमान १७३ जण मारले गेले. त्या हल्ल्यात डोन पुढे होते आणि आयुष्यभर त्यांनी त्याची फुशारकी मारली. उद्यानातल्या एका शिखराला त्यांचं नाव होतं. ते जून २०२२ मध्ये बदललं गेलं. आता ते 'फर्स्ट पीपल्स माउंटन' आहे. म्हणजे मी पहिल्यांदा तिथं गेले, तेव्हा ते शिखर डोन यांच्याच नावाचं होतं.

*

कमानीवरच्या 'लाभ' या शब्दाबद्दलही थोडं सांगायला हवं.

ग्रँड प्रिझमॅटिकचे रंग सूक्ष्मजीवांचे असतात. मधे पाणी इतकं गरम की रंगीत जीव टिकत नाहीत, म्हणून तिथं निळं दिसतं. कडेला जसजसं पाणी निवत जातं तसतसे वेगवेगळे जीव आणि त्यांचे रंग. १९६६ मध्ये थॉमस ब्रॉक आणि त्यांचा विद्यार्थी हडसन फ्रीझ यांनी जवळच्याच मशरूम पूलमधून एक जिवाणू वेगळा केला. त्याचं नाव थर्मस अॅक्वाटिकस. त्यातलं एक विकर उकळत्याच्या जवळपास गरम पाण्यातही मोडत नाही. १९८३ मध्ये कॅरी मुलिस यांना डीएनएच्या प्रती काढायची पीसीआर ही पद्धत सुचली. त्यात नमुना पुन्हा पुन्हा तापवावा लागतो, आणि या विकरामुळे ती पद्धत खऱ्या अर्थाने वापरण्याजोगी झाली. १९९३ मध्ये मुलिस यांना नोबेल मिळालं. पीसीआरचे हक्क ३० कोटी डॉलरना विकले गेले. उद्यानाला त्यातलं काही मिळालं नाही.

२०२० मध्ये माझ्या, तुमच्या नाकात ती काडी घातली होती ना? आरटी-पीसीआर टेस्टमागचं तंत्र या पाण्यातून निघालं. लाभ खरंच लोकांना झाला, आपल्यापर्यंत पोहोचला. झऱ्याकाठून ज्यांना हाकललं, त्यांचा मात्र कुणी हिशेबच धरला नव्हता.

राखीव नसतं तर हे पाणी तरी उरलं असतं का, असा प्रश्न कुणी विचारेल. बरोबर आहे. सुरुवातीच्या पर्यटकांनी गीझरमध्ये कपडे धुतले. मॉर्निंग ग्लोरी नावाच्या कुंडात इतकी नाणी आणि कचरा टाकला की त्याचा निळा रंगच गेला. १९५० मध्ये सफाई केली तेव्हा आतून नाण्यांसोबत रुमालही निघाले. १९०२ च्या सुमाराला उद्यानात जेमतेम दोन डझन रानटी बायसन उरले होते, आज काही हजार आहेत. उद्यान नसतं तर तेही गेले असते. मी हे सगळं मान्य करते. फक्त नाणी टाकणारे आणि बायसन संपवणारे लोक तुकुदिका नव्हते, एवढंच लक्षात ठेवावं लागतं.

हे दूरच्या देशातलं म्हणून सोडून देता आलं असतं, तर बरं झालं असतं. पण आपला वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे. यलोस्टोननंतर बरोबर शंभर वर्षांनी आलेला. त्याप्रमाणे राष्ट्रीय उद्यान पूर्ण घोषित करायचं तर त्या जमिनीवरचे लोकांचे हक्क आधी संपवावे लागतात. मी २०१९ मध्ये ताडोबाला गेले होते. महाराष्ट्रातलं सर्वात जुनं राष्ट्रीय उद्यान, १९५५ चं. नवेगावजवळच्या मोकळ्या गवताळ मैदानात जिप्सी थांबली होती, वाघीण बाहेर येईल म्हणून सगळे श्वास रोखून होते. गाईड सहज म्हणाला, "इथं पहिले गाव होतं." सगळ्यांनी मान डोलावली आणि पुन्हा झुडपाकडे पाहू लागले. मीही. तेवढ्यात वाघीण आली. गाव कुणाचं होतं, कधी उठलं, कुठं गेलं, हे मी विचारलं नाही. ताडोबाचं नाव तारू या गोंडांच्या देवाशी जोडलेलं आहे. वाघाशी झुंजताना तो मेला असं सांगतात. ते मात्र मी माहितीपत्रकात वाचलं होतं. नाव ठेवायचं आणि माणसं हलवायची, हे काही फक्त अमेरिकेला जमत नाही.

*

परत निघायच्या दिवशी आम्ही ओल्ड फेथफुलजवळच्या ट्रायबल हेरिटेज सेंटरमध्ये गेलो. २०२२ मध्ये, उद्यानाच्या दीडशेव्या वर्षी ते सुरू झालं. वेगवेगळ्या जमातींचे कलाकार आणि अभ्यासक तिथं बसतात, लोकांशी बोलतात. एक शोशोनी बाई मणी ओवत बसल्या होत्या, आईच्याच वयाच्या. आईने वाकून बराच वेळ त्यांच्या बोटांकडे पाहिलं. मग मला म्हणाली, "विचार त्यांना. आंघोळीचं."

मला संकोच वाटला. पण विचारलं. आमच्या गावाकडे असे झरे आहेत, तिथं लोक दुखणी घेऊन जातात, आईला जाणून घ्यायचंय, असं सांगितलं.

त्यांनी हातातलं काम खाली ठेवलं. म्हणाल्या, "मी उन्हाळ्यात इथं बसते. लोक विचारतात, तुम्ही गीझरना घाबरत होतात ना?" त्या हसल्या. "आम्ही का घाबरू? घरातल्या चुलीला कुणी घाबरतं का? हात कुठं घालायचा नाही, ते माहीत असतं."

मी आईला ते मराठीत सांगितलं. तिने मान हलवली, गळ्यातली काळी पोत बोटाने उचलून त्या बाईंना दाखवली. त्यांनी ती पुढे होऊन पाहिली, मणी कसे गुंफलेत ते निरखलं. दोघी काही मिनिटं एकमेकींच्या माळा बघत राहिल्या. माझ्या भाषांतराची गरज पडली नाही.

गाडीत बसल्यावर आईने संगमेश्वरला मावशीला फोन लावला. तिकडे रात्रीचे एक वाजले असतील, पण आईला कुठलं भान. गीझर, बायसन, बर्फ, सगळं सांगून झालं. मग म्हणाली, "आणि ऐक गं, इथं पण उन्हाळी आहेत. आपल्यासारखीच. पूर्वी इथलेही लोक आंघोळ करायचे."

थोडं थांबून पुढे म्हणाली, "नाही, आता नाही राहत ते तिथं. काढलं त्यांना."